रेनोच्या बोर्डिंगमधलं हळदीकुंकू

नेवाडा म्हटलं की आजकाल सगळे लास व्हेगासचं तिकीट काढतात. काढा बापडे. मी सांगतेय ते उत्तर नेवाडा, आणि तेही साठच्या दशकातलं. नातीने ब्लॉग काढून दिलाय, तेव्हा आता मला थांबवणारं कुणी नाही.

बंगळुरूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी खनिजांची परीक्षा करायची. अभ्यासवृत्तीवर कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला गेले होते. नवरा मागे बंगळुरूतच, राजाजीनगरात, त्याच्या फॅक्टरीच्या आणि माझ्या आईच्या भरवशावर. जानेवारीत सुट्टी मिळाली तशी मी शेजारच्या नेवाडात जायचं ठरवलं. चांदीच्या जुन्या खाणी बघायच्या आहेत, असं प्रयोगशाळेत सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण अक्का होती.

अक्का माझी मोठी बहीण. तिच्या नवऱ्याने म्हैसूरला दुसरा संसार थाटला होता आणि ही माहेरी परतली होती, ना इकडची ना तिकडची. घटस्फोटाचा कायदा आपल्याकडे नुकताच आला होता. पण अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, एकच पालुपद: "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." मी निघताना अक्काने मला बाजूला घेतलं. "तिकडे रेनो म्हणून गाव आहे म्हणे. बायका तिथं जाऊन मोकळ्या होतात. पुढे त्यांचं काय होतं, स्वल्प बघून ये गं."

सॅक्रामेंटोहून रेनोला बसने जावं आणि खिडकीची जागा धरावी. घाटात एवढं बर्फ होतं की ड्रायव्हरने खाली उतरून चाकांना साखळ्या बांधल्या. मग घाट उतरला आणि देवदार संपले, ढग मागे राहिले, समोर नुसती राखाडी झुडपं आणि उघडे डोंगर. सह्याद्री ओलांडून माणदेशात उतरावं तसं. सगळा पाऊस पलीकडची बाजू पिऊन टाकते, इथवर पोचतच नाही. मला तो रखरखाट पाहताक्षणी आवडला. दगड बघणाऱ्या माणसाला झाडं जरा आडच येतात. जाणार असाल तर खोबरेल न्या, ओठ फार फुटतात.

उतरायला मार्था नावाच्या विधवा बाईंचं बोर्डिंग मिळालं. नावाआधी मिसेस, सोबत पुरुष नाही, हे बघून बाईंनी ओळखायचं ते ओळखलं.

"सहा आठवडे ना?"

"छे, सहा दिवस."

"सहा दिवसांत नाही होत, पोरी. कायदाच सहा आठवड्यांचा आहे."

मी नवऱ्याला सोडायला आलेली नाही, हे त्यांना पटवताना मला घाम फुटला. मग त्यांनीच चहा दिला आणि राज्याचा इतिहास सांगितला. आधी चांदी सापडली, जग लोटलं. चांदी संपली, गावं ओस पडली. शेतीला पाणी नाही, गुरं-मेंढरं राखून किती जण पोसणार? मग मंदीच्या काळात सरकारने जुगार मोकळा केला आणि घटस्फोट सोपा. सहा आठवडे इथं राहा, इथले रहिवासी व्हा, सुटा. तेवढ्या काळात खोली, जेवण, वकील, सगळ्यांचीच चूल पेटते. "जमिनीतलं संपलं, तेव्हा आम्ही लोकांच्या अडचणी खणायला लागलो," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. वाण्याच्या दुकानातसुद्धा जुगाराची यंत्रं होती. बटाटे घेता घेता बायका दांडा ओढत.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आईने तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे असं आपलं एळ्ळु-बेल्ल पोस्टाने धाडलं होतं. सणाच्या दिवशी एकटीने काय खायचं? मी स्वयंपाकघरात बोर्डिंगमधल्या चौघींना बोलावलं, हळदीकुंकू लावलं, ओंजळीत तीळगूळ घातला. न्यूयॉर्कची एलेन आरशात कपाळ बघत म्हणाली, "छान दिसतंय. हे कशासाठी?"

मी भाबडेपणाने सांगून टाकलं, "नवऱ्याला दीर्घायुष्य मिळावं म्हणून."

चौघीही नवऱ्याला सोडायला आलेल्या, आणि मी त्यांच्या कपाळी सौभाग्य रेखून बसले होते! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तेवढ्यात एलेन म्हणाली, "जगू दे की शंभर वर्षं. फक्त माझ्यापासून लांब." मार्थाबाई डोळे पुसत हसायला लागल्या. कुणीही कुंकू पुसलं नाही.

मला मात्र त्या वाक्याने झोप येईना. नवऱ्याचं वाईट न चिंतताही त्याला सोडता येतं, हे आमच्या घरात कधी कुणाला सुचलंच नव्हतं.

खाणी बघायला एलेनच सोबत आली. व्हर्जिनिया सिटीला चढण फार आहे, बूट चांगले घाला. डोंगर आतून पोखरलेला, वर एकेकाळच्या श्रीमंतीचं नाटकगृह, आणि थंडीत रस्त्यावर कुत्रंही नाही. परतताना स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या खानावळीत जेवलो. शाकाहाऱ्यांनी अशी खानावळ शोधावी. लांब टेबलावर घेवड्याची उसळ, पाव आणि बटाटे येत राहतात, ताट रिकामं राहू देत नाहीत.

माझ्या शेवटच्या दिवशी एलेनची कोर्टात तारीख होती, मीही गेले. ही बाई सहा आठवडे माझ्याकडेच राहिली, अशी साक्ष मार्थाबाईंनी दिली. आपल्याकडे घरी दूधवाला हिशेब करायला जास्त वेळ घेतो, एवढ्यात सगळं उरकलं. पायऱ्यांवर एलेनने माझा हात घट्ट धरला. "आता घर शोधायचं, नोकरी शोधायची. भीती वाटते," ती म्हणाली, "पण ही माझी भीती आहे."

बंगळुरूला परतल्यावर अक्काला सगळं सांगितलं, भीतीसकट. चांदी आणि जुगार तिने कानाआड केला. रात्री जेवताना ती सरळ म्हणाली, "अण्णा, मी अर्ज करणार." अण्णा पानावरून उठले. किती तरी दिवस ते आमच्या दोघींशी बोलले नाहीत. अमेरिकेहून मी हेच शिकून आले, असं आईला सांगत राहिले.

नेवाडाने मला काय दिलं, असं नात विचारते. ओसाड मुलखाचं प्रेम दिलं, ते अजून आहे. चित्रदुर्गाकडे गेलं की मी उगाच गाडी थांबवायला लावते. पण अक्काला सहा आठवड्यांचा कायदा काही मी आणू शकले नाही. इथे वर्षं गेली. वकील बदलले, तारखा पडल्या, शेजारणींनी बोलावणं बंद केलं. अक्का डगमगली नाही.

जावई आपल्या दारात कधी फिरकला नाही, हे सांगायला घरचं माणूस हवं होतं. मी तयारच होते. पण त्या सकाळी अण्णा कोट-टोपी घालून आमच्याआधी रिक्षात जाऊन बसले. कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तेच उभे राहिले. तुमचं म्हणणं काय, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"मगळन्न कोट्टिद्दे, स्वामी," अण्णा कन्नडमध्ये म्हणाले. "ईग वापस् कोडि."

मुलगी दिली होती, साहेब. आता परत द्या.