सगळ्या गावाला दिसलेला बिबट्या

आमच्या गावात बिबट्या आला तो मंगळवारी, आणि मंगळवारी मी जालन्यात असतो. सोमवार ते शुक्रवार असतोच. नोकरी जालन्याची, बिऱ्हाड जालन्याचं. गाव वाटूरच्या अलीकडं. तिथं आई, दादा आणि वहिनी राहतात. शनिवारी सकाळच्या एसटीनं जायचं, रविवारी संध्याकाळी परत यायचं, असं कित्येक वर्षं चाललंय. त्यामुळं गावात जे घडतं ते मला गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच कळतं.

पहिला मेसेज अकराच्या सुमाराला आला. "नाल्याकडं बिबट्या दिसला. बायामाणसांनी एकटं वावरात जाऊ नये." खाली बिबट्याचा फोटो. फोटोत बिबट्याच्या मागं बर्फाचा डोंगर होता. आमच्या गावात साधं टेकाड नाही, पण कुणी काही बोललं नाही. मीही नाही. आधी घरच्यांची काळजी वाटली. आई एकटी परसात जाते, दादा पहाटे पाणी द्यायला जातो. पण त्या काळजीला खेटूनच दुसरंही काहीतरी मनात आलं, आणि ते कबूल करायला मला अजून लाज वाटते. एवढं सगळं होतंय आणि आपण तिथं नाही, याचं वाईट वाटलं.

बुधवारी तो गिरणीवाल्याला दिसला. शाळेतल्या बाईंना स्कूटीवरून दिसला. गुरुवारी दादाचा फोन आला.

"अरे, तुरीतून गेला माझ्यासमोर. बिलकुल आरामात. पाटलावानी."

"मंग मला लगेच फोन का न्हाई केला?"

"तू काय जालन्याहून त्याला थांब म्हणणार व्हतास का?"

त्याच संध्याकाळी वहिनीला विहिरीवर दिसला. आणि शुक्रवारी आईला दिसला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी दारात उभा राहिलो तर आवाज दिल्याशिवाय ती मला ओळखत नाही. बिबट्या मात्र तिनं पार बाभळीपलीकडून ओळखला होता. "शेपूट लय लांब व्हतं रे," ती फोनवर सांगत होती. "अन् माझ्याकडं पाह्यलं त्यानं."

ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक मॅडम बसतात. त्यांनी विचारलं, "तुमच्याच गावात ना हो बिबट्या? तुम्ही पाहिला?"

"मी नाही. आईनं पाहिला."

"अय्या, आईंनी?" असं म्हणून त्यांनी आईला फोन लावून द्यायला सांगितलं. माझ्याच फोनवरून त्या दोघी पाव तास बोलल्या. मी फाइल चाळत बसलो.

शनिवारी पहिल्या एसटीनं गावाला गेलो. फोन पूर्ण चार्ज केलेला, वर एक पॉवर बँक. दिवसभर बिबट्याचा पत्ता नाही. ग्रुपवर फक्त सुप्रभाताची फुलं आणि कुणाची तरी हरवलेली म्हैस. ती सापडलीही.

"शनिवार-रविवार सुट्टी असंल त्याला," दादा म्हणाला. "वन खात्याचा हाय ना."

संध्याकाळी जेवताना तिघांच्या गप्पा रंगल्या. तो कुठून येतो, कुठं पाणी पितो, ऊन खायला कुठं बसतो. जावयाच्या खोडी सांगाव्यात तसं त्याचं कौतुक चाललं होतं. मी एक-दोनदा मध्ये तोंड घातलं, तर वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला न्हाई कळायचं भाऊजी, पाह्यल्याबिगर." त्या घरात मी लहानाचा मोठा झालो, आणि त्या रात्री भाकरी खाताना मी पाहुणा होतो.

रविवारी उजाडायच्या बेताला मी उठलो. थंडी मरणाची होती. हाताला लागलं ते ब्लँकेट अंगावर घेतलं आणि कुणाला न उठवता वावरात गेलो. विहिरीजवळ आमची मोटारीची खोली आहे. वर सिमेंटची स्लॅब, बाजूला लोखंडी शिडी. वर चढून पालथा पडलो आणि मोबाईलचा कॅमेरा लावला. बिबट्या दिसू नये म्हणून सारं गाव दारं लावून बसलं होतं, आणि मी त्याची अशी वाट पाहत होतो, जशी मुलगी पाहायला येणाऱ्यांची पाहतात.

सूर्य वर आला तरी धुकं होतंच. दोन रोही, म्हणजे नीलगायी, हरभऱ्यातून गेले. एक मोर आला, इकडंतिकडं पाहून गेला. थंडीनं घसा धरला होता, म्हणून मी दोन-तीनदा जोरात खाकरलो. तेवढ्यात खाली काहीतरी खणकन पडलं. कुणीतरी "आरं बापा!" असं ओरडलं, आणि तो आवाज धावत धावत गावाकडं गेला.

पाच मिनिटांत फोन थरथरला. ग्रुपवर आवाजाचा मेसेज होता, आमच्या बांधशेजारच्या काकांचा. त्यांच्या घरी संडास बांधून झाला आहे, पण सवय मोडलेली नाही. काका धापा टाकत होते. "आत्ता पाह्यला... मोटारीच्या खोलीवर बसेल हाय... अंगावर ठिपके... माझ्यावर गुरगुरला... जल्दी या, जल्दी!"

मी मेसेज परत ऐकला. काका रोज आमच्याच बांधावरून जातात. म्हणजे खोली आमचीच. म्हणजे बिबट्या आमच्या खोलीवर होता. आणि मीही आमच्याच खोलीवर होतो. म्हणजे तो माझ्या मागं असणार. मान वळवायची हिंमत होईना. ज्याची पाच दिवस वाट पाहिली तो हाताच्या अंतरावर होता, आणि मी डोळे गच्च मिटून मनातल्या मनात त्याला जा म्हणत होतो. शेवटी हळूच एक डोळा उघडून मागं पाहिलं.

कुणी नव्हतं. स्लॅब ती केवढी, लपायला जागाच नाही. कडेवरून खाली वाकलो. हरभऱ्यात काकांचं टमरेल आडवं पडलं होतं. मग माझं लक्ष माझ्या खांद्याकडं गेलं. वहिनीच्या माहेरहून आलेलं ते मऊ ब्लँकेट, पिवळं, आणि त्यावर काळे ठिपके.

उतरून पळावं म्हणेपर्यंत गाव येऊन पोचलं. काठ्या, थाळ्या, दिवाळीतले उरलेले फटाके, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात मोबाईल. मी ब्लँकेटची घडी करून तिच्यावर बसलो.

"तू हितं काय करू राह्यला?" दादा सगळ्यांच्या पुढं होता.

"ते... बिबट्या..."

"दिसला का?"

सगळे मोबाईल माझ्याकडं वळले. खरं सांगायचं माझ्या मनात होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"दिसला," मी म्हणालो.

काका गर्दीतून पुढं आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सांग, ह्यायला सांग! गुरगुरला का न्हाई?"

"गुरगुरला. लय मोठ्यानं."

"मी म्हणलं न्हाई का!"

त्या सकाळी मी चार घरी चहा प्यायलो. स्लॅबवर बसलेला माझा फोटो ग्रुपवर गेला, तिथून दुसऱ्या ग्रुपवर, आणि दहाच्या आत ऑफिसातल्या मॅडमचा डोळे विस्फारलेला इमोजी आला. खोटं बोलल्याचं वाईट वाटत होतं. पण खोटं कशाला सांगू, मजाही वाटत होती.

दुपारी मोटारसायकलवरून वनरक्षक आले. दमलेला माणूस. या हंगामात गावोगावचे बिबटे पाहून त्यांचे डोळे शिणले असावेत. काकांनी त्यांना सगळं करून दाखवलं, गुरगुरण्यासकट. ते शिडीपाशी वाकले. पायऱ्यांवर चिखल लागला होता, माझ्या बुटांचा.

"बिबट्या शिडीनं चढला का?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी काकांकडं पाहिलं.

ते एकटेच वर गेले. मी घाईत ब्लँकेट वरच विसरलो होतो. खाली आले तेव्हा ते त्यांच्या हातात होतं. मला बाजूला घेऊन त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं.

"साहेब, थंडी हाय. घ्या अंगावर, बराबर हाय. पण घरात घ्या."

त्यांनी कागदावर "खात्री झाली नाही" एवढंच लिहिलं आणि निघून गेले. गावाला काही सांगितलं नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

एसटीला वेळ होता. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझ्यानं राहवेना. तिच्याजवळ बसून तिला सगळं सांगून टाकलं. ती हसायला लागली ती थांबेचना. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मला तरी कुठं दिसला?"

"मंग सांगितलंस कशाला?"

"साऱ्या बायांना दिसला. नळावर जावं तं त्याच्याच गोष्टी. मला कुणी काही इचारीचना. मंग मला बी दिसला."

"अन् वहिनीला?"

"कुत्रं व्हतं ते. मी वळखलं भुकण्यावरून."

"अन् दादा?"

"त्याला नको इचारू. त्याला वाईट वाटंल."

आम्ही थोडा वेळ शेंगा सोलल्या. मग ती म्हणाली, "ते मोबाईलात दाखव बरं मला. असतो तरी कसा?"

मी एक व्हिडिओ लावून फोन तिच्या डोळ्यांजवळ धरला. बिबट्या गवतातून येत होता, एक एक पाऊल टाकत. मग त्यानं उडी घेतली. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"अगं माय," ती म्हणाली. "केवढा हाय रे हा. बरं झालं, आपल्याला न्हाई दिसला."

मी फोन खिशात घालायला लागलो, तर म्हणाली, "थांब की. परत लाव."