यांनी कबूल केलेला सोनटक्का

सोनटक्क्याला मी कधी हात लावला नव्हता. ते खातं यांचं. पावसाळ्यात फुलं आली की फाटकाशी थांबेल त्याला हे शब्द द्यायचे, "फेब्रुवारीत या, कंद देतो." हौस यांची, आणि आल्यागेल्याचा चहा माझ्या गळ्यात. मी म्हणायचे, मला एवढं जपलं असतंत तर मीही फुलले असते. हे नुसते हसायचे.

डिसेंबरात हे गेले, झोपेतच. मी रडले नाही. तेराव्याला बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी आचाऱ्याला पुऱ्या कमी पडतील म्हणून सांगत होते. मुलगी म्हणाली, "आई, रडून घे गं." रडू म्हणजे काय नळ आहे, सोडला की यायला? कोणी विचारलं तर "हे गेले" असं मी दूधवाला येऊन गेला म्हणावं तसं सांगायचे. आत काही हलायचं नाही. पुढे पुढे त्याचीच भीती वाटायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारानंतर माझ्याकडे एवढंच?

फेब्रुवारी संपत आला तशी माणसं पिशव्या घेऊन यायला लागली. आधी शेजारीण आली.

"भाऊंनी मला बोलून ठेवलं होतं. पण राहू द्या वहिनी, आता कुठे परेशान होता."

"त्यांनी शब्द दिलाय ना? मग देते," मी म्हटलं.

नुसतं बघून जेवढं आलं होतं तेवढ्यावर कामाला लागले. वाळलेली ताटं कापली, वीतभर लांबून कुदळ घातली आणि गड्डा उपटून नळाखाली धुतला. आल्यासारखे कंद दिसायला लागले. प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे हवेत, एवढं ऐकून माहीत होतं. पहिल्या तुकड्याला एकही आला नाही, तो फेकून दिला. नंतरचे जमले. कापलेल्या तोंडांना राख लावली, चार कंद आमच्याच वाफ्यात परत लावले आणि बाकीचे परातीत घालून सावलीला ठेवले.

आठ दिवस लोक येत होते. आधी चेहरा पाडायचे, मग कंद उचलायचे. मी देत गेले.

सगळ्यात शेवटी टावर चौकातला झेरॉक्सवाला आला. पेन्शनच्या कागदांपायी यांची त्याच्याशी दोस्ती झाली होती. त्याच्या हातात रंगाचा रिकामा डबा होता.

"आंटी, अंकलजी हैं? बरसात में बोले थे, वो सफेद फूल वाला पौधा देंगे."

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. माझं नेहमीचं वाक्य तोंडात तयार होतं.

"बाहर गए हैं," मी म्हटलं.

"कब तक आएंगे?"

"टाइम लगेगा."

उरलेले दोन कंद मी त्याच्या डब्यात टाकले. डोळे वर ठेवून चार बोटं खोल लाव, पाणी बेतानं घाल, असं सगळं नीट सांगितलं. त्यानं डबा स्कूटरवर पायाशी ठेवला.

"अंकलजी को बोलना, फूल आएंगे तो फोटो लेके आऊंगा."

"बोल दूंगी."

तो वळणापर्यंत गेला. त्याच्या लेखी हे अजून घरी यायचे होते. मला त्या माणसाचा हेवा वाटला. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटलं, तो हा हेवा. आणि तोही इतका, की त्याला हाक मारून परत बोलवावं आणि खरं काय ते सांगून टाकावं, असं मनात आलं.