तलावावर कुरडया

माझ्या सासूबाई बहारीनला आल्या त्या मे महिन्यात. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाल्या, काय सुरेख ऊन हाय गं इथलं. या देशात मे महिन्यातल्या उन्हाला सुरेख म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. आम्ही इथली माणसं घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात अशी जीव मुठीत धरून पळतो. उन्हाळ्यात नळाला नुसता हात लावला तरी भाजतो, म्हणून आम्ही गीझर बंद ठेवून त्यातलंच पाणी गार म्हणून वापरतो. आणि या बाई अरादच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीशी तासन्‌तास उभ्या राहून हळहळायच्या की एवढं ऊन वाया चाललंय.

साताऱ्याकडच्या बाईला ऊन वाया जाताना बघवत नाही. ऊन दिसलं की तिच्या डोक्यात पापड, सांडगे आणि कुरडया सुरू होतात. आमच्या बिल्डिंगला गच्ची आहे, पण तिला कुलूप असतं. मी वॉचमनकडे किल्ली मागायला गेले तर तो मान न उचलता म्हणाला, मफी, म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः लाडू घेऊन गेल्या. लाडू त्याने खाल्ले, किल्ली काही दिली नाही.

त्याच सुमाराला मॅडमचं घर आमच्या गळ्यात पडलं.

मॅडम म्हणजे माझ्या ऑफिसातल्या जुन्या साहेबीण. बहारीनच्याच. मी इथे नवी अकाउंटंट म्हणून आले तेव्हा त्यांनी मला गाडीत घालून बाजार दाखवला होता, आणि कोणाचं इंशाल्ला खरं मानायचं नि कोणाचं नाही तेही शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सखीरच्या पलीकडे, वाळवंटात, सुट्टीचं घर बांधलं. दोन खोल्या, चार खजुराची झाडं, कुंपणावर बोगनवेल आणि मधोमध पोहण्याचा तलाव. तलाव छोटा, पण खोल. पाणी माझ्या डोक्यावरून जाईल इतका. मॅडम पट्टीच्या पोहणाऱ्या, त्यांना उथळ पाण्याचा तिटकारा.

पण त्यांचा गुडघा गेला. ऑपरेशनसाठी त्या परदेशी, मुलीकडे निघाल्या. जाण्याआधी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि सगळं उघड सांगितलं. मुलाचं म्हणणं होतं की आई, आता तुझं पोहणं संपलं, ते घर विकून टाक, रिकामं घर कोण सांभाळणार? मॅडम त्याला म्हणाल्या होत्या, मी परत येईन, एकदा पाण्यात उतरून बघेन. जमलं तर घर राहील. नाही जमलं, किंवा घराची दुर्दशा झालेली दिसली, तर सही करीन. हे मला सांगताना त्या गाडीच्या काचेबाहेर बघत होत्या. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, घर आहे तस्सं ठेवते.

मग दर शुक्रवारी आमची वरात निघायला लागली. नवरा, मी आणि सासूबाई. बंद घराचे लाड फार असतात. एसी थोडा वेळ लावायचा नाहीतर भिंतींना बुरशी येते. सगळे नळ सोडायचे. दाराच्या फटीतून आलेली वाळू झाडायची, जी पुढच्या शुक्रवारी पुन्हा तिथेच बसलेली असते. तलावाचा पंप चालवायचा, क्लोरीन टाकायचं. तलावावर जाड निळं कव्हर होतं, चारी बाजूंनी कड्यांनी फरशीला ताणून बसवलेलं. नवरा अस्करच्या कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे पंप नि कव्हर हा आपला प्रांत असं त्याने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं. मी म्हटलं, घे बाबा.

सासूबाईंनी ते कव्हर पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मातीला न लागणारं, ताणलेलं, स्वच्छ, एवढं मोठं. वर सावलीचा ठिपका नाही. त्यांनी आकाशाकडे बघितलं, कुंपणाबाहेर बघितलं. कावळा नाही, शेळी नाही, शेजारणीची पोरं नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, असं वाळवण घालायला राजाच्या बायकोलासुद्धा मिळत नसंल.

मी नाही म्हटलं. चांगली पाच मिनिटं नाही म्हटलं. मग त्यांनी तळलेल्या कुरडईचं नाव काढलं आणि माझा कणा गेला. इथे दुकानात मिळते ती कुरडई तळली की नुसती फसवते.

आमच्या बाथरूममध्ये गहू भिजत पडले. रोज पाणी बदलूनही तिसऱ्या दिवशी असा आंबूस वास सुटला की शेजारच्या केरळी वहिनी दार वाजवून विचारून गेल्या, गॅस लीक आहे का. गहू वाटले, चीक काढला, आणि शुक्रवारी पातेली, शेगडी, सोऱ्या नि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या गाडीत घालून आम्ही वाळवंटात पोचलो तेव्हा उजाडत होतं. चीक शिजला. कव्हरवर साड्या अंथरल्या. मी सोऱ्या दाबत होते, सासूबाई काठावर बसून हात पोचेल तिथवर कुरडया मांडत होत्या, नवरा पुढच्या रांगा घालायला तलावावर आडवी लाकडी फळी टाकून देत होता. बहारीनमधल्या निम्म्या मराठी घरांना पुरतील इतक्या त्या बाईंनी घातल्या. शेवटी पांढऱ्याशुभ्र कुरडयांनी भरलेला तो तलाव पाहून मला खरंच भरून आलं. मॅडमना फोटो मात्र पाठवला नाही, एवढी अक्कल होती.

कुरडया शनिवारी उचलायचं ठरलं होतं. पण शनिवारी नवऱ्याला अचानक शिफ्ट लागली. सासूबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ देत, कोण नेतंय? चांगल्या कडक होतील.

मंगळवारी शमाल सुटला. म्हणजे उत्तरेचा वारा, आणि वारा म्हणजे नुसता वारा नव्हे, वाळूसकट. ऑफिसच्या खिडकीतून समोरची इमारत दिसेनाशी झाली आणि मला कुरडया आठवल्या. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, कव्हरला कड्या आहेत, वादळातसुद्धा हलत नाही. मी विचारलं, सगळ्या कड्या लावल्यास ना? तर म्हणाला, थांब, आठवू दे. शुक्रवारी क्लोरीन टाकायला त्याने एका कोपऱ्यातलं कव्हर सोडलं होतं. परत लावलं की नाही, ते त्याला आठवेना.

लावलं नव्हतं. शुक्रवारी फाटक उघडलं तेव्हा आधी वास आला, आमच्या बाथरूमचा, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. कव्हर एका बाजूला गुंडाळून पडलं होतं. साड्या बुडाशी गेल्या होत्या. बऱ्याचशा कुरडया पाण्यात विरघळल्या होत्या, वरून वाळू पडली होती, आणि दोन दिवसांच्या उन्हात ते सगळं आंबलं होतं. मॅडमच्या निळ्या पाण्याची पेज झाली होती, कडेला फेस.

नवरा म्हणाला, टेक्निकली हे फर्मेंटेशन आहे. सासूबाई काठावर बसल्या. मला वाटलं आता कुरडयांसाठी रडणार. पण त्या हळूच म्हणाल्या, त्या बाईचं घर जाईल का गं आता माझ्यापायी? आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. मॅडमचा मेसेज. डॉक्टरांनी लवकर सोडलंय, गुरुवारी पोचते, शुक्रवारी मुलाला घेऊन थेट घरीच येते. खाली इमोजीतला एक मासा, पोहणारा.

नवऱ्याने लीव्ह टाकली. पेज उपसून कुंपणाबाहेर सोडली. रिकाम्या तलावात आम्ही तिघं खराटे घेऊन उतरलो. सासूबाईंनी पदर खोचला, कासोटा घातला आणि अशा काही घासायला लागल्या की मीच त्यांना थांबा थांबा म्हणत होते. तलाव लख्ख झाला. आता पाणी. दोन टँकर लागणार होते. पहिला गुरुवारी आला. दुसऱ्याचा ड्रायव्हर दर फोनला यल्ला, निघालोच म्हणायचा, आणि शेवटी इंशाल्ला. ते कुठल्या जातीचं इंशाल्ला आहे, ते मॅडमच्या शिकवणीमुळे मला पहिल्या फोनलाच कळलं होतं.

शुक्रवारी दुपार कलली तेव्हा मॅडमची गाडी फाटकाशी आली आणि तलाव निम्मा होता.

मॅडम काठी घेऊन उतरल्या. बारीक झाल्या होत्या. मुलगा मागून आला, बँकेत मोठ्या हुद्द्यावरचा, अंगात इस्त्रीचा पांढरा सौब, म्हणजे अरबांचा पायघोळ झगा, हातात फोन. त्याने तलाव पाहिला आणि आईकडे पाहिलं. मी घाईघाईने मेंटेनन्स, क्लीनिंग असं काहीतरी इंग्रजीत सुरू केलं. मॅडमचं लक्ष नव्हतं. त्या बोगनवेलीपाशी गेल्या होत्या आणि काट्यांत अडकलेलं काहीतरी सोडवत होत्या. वाऱ्याने उडवलेली कुरडई. अख्खी, कडक वाळलेली.

ती तळहातावर धरून त्यांनी विचारलं, हे काय आहे?

माझं इंग्रजी तिथेच संपलं. सासूबाई मात्र पुढे आल्या, कुरडई हातातून घेतली, फुंकर मारून वाळू उडवली, आणि आपल्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. कैसा ऊन वाया जाता था, कैसा हमने तुम्हारे तलावपर डाला, कैसा वारा आया. हातांनी वारा करून दाखवला, पेज करून दाखवली, वाससुद्धा करून दाखवला. मॅडमना ऑफिसातल्या आम्हा लोकांमुळे हिंदी बरीच कळायची. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या गालाचा एक कोपरा हलत होता. शेवटी सासूबाई मराठीत शिरल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग त्यांना, चूक माझी हाय. घराची न्हाई. घर इकू नका म्हणावं."

मी ते मॅडमना इंग्रजीत सांगितलं. मुलालाही ऐकू गेलं. मला लाज वाटत होती.

मॅडम आत गेल्या आणि पोहण्याचे कपडे घालून आल्या. पायऱ्यांपाशी काठी ठेवली, कठडा धरला, एक पायरी उतरल्या आणि थांबल्या. पुढचा पाय उचलेना. पाण्यात वेड्यासारखी रमणारी ती बाई, कठड्यावरची बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरून उभी होती. मुलगा अरबीत हळू काहीतरी म्हणाला. राहू दे आई, असंच असणार, एवढं मला कळलं. आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो.

तेवढ्यात पाण्याचा आवाज झाला. सासूबाई बाजूने उतरल्या होत्या, साडीसकट. साडी फुगून वर आली, ती त्यांनी दोन थपडा मारून खाली बसवली. पाणी त्यांच्या कमरेच्या जरा वर. पाय जमिनीवर घट्ट. त्या पायऱ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"या. पाय टेकतात हितं."

या मराठीचं भाषांतर करून सांगायची वेळच आली नाही. मॅडमनी हात धरला, आणि उतरल्या. दोघी चालायला लागल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे, उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात. सासूबाई स्वतःच्या गुडघ्याचं गाऱ्हाणं मराठीत सांगत होत्या, मॅडम आपल्या गुडघ्याचं अरबीत, आणि दोघीही मधूनमधून हां हां म्हणत होत्या. तिसऱ्या फेरीला मॅडमनी हात सोडला. एकट्या चालल्या. काठाला हात लावून वळल्या तेव्हा त्या हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि तोंडावर पाणी मारून रडणं लपवत होत्या. मी नाही लपवलं.

बाहेर हॉर्न वाजला. दुसरा टँकर. आठवडाभर मी ज्याच्या नावाने बोटं मोडत होते, तो नेमका आता उगवला होता. पाइप घेऊन ड्रायव्हर फाटकात उभा.

मॅडमनी पाण्यातूनच मुलाला हाक मारली. भरलेल्या तलावात माझे पाय टेकणार नाहीत, म्हणाल्या, त्याला परत पाठव.

तो काठावर तसाच उभा होता, हातातला फोन कधीचा खिशात गेलेला. आईकडे बघत राहिला जरा. मग स्वतः फाटकापर्यंत चालत गेला, ड्रायव्हरशी बोलला, टँकर वळला. परत आला तो थेट माझ्या नवऱ्याकडे. सौब वर खोचून काठावर उकिडवा बसला, अर्ध्या भिंतीवर पाणी जिथे थांबलं होतं तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, पाणी कायमचं इथवरच ठेवायचं तर फिल्टरचा पाइप एवढ्या खाली घेता येईल का?