तोफ आणि तीन नंबरचे आजोबा

आमच्या हाडांच्या वॉर्डात कॅमेरे बसणार म्हटल्यावर सगळ्यात आधी थयथयाट केला तो तोफेने. तोफ म्हणजे आमची सर्वांत जुनी नर्स; आवाजावरून हे नाव पडलेलं. पेशंटवर लक्ष ठेवायला आम्ही मेलोय का, असं ती मेट्रनबाईंना तोंडावर विचारून आली. आम्ही बाकीच्या नुसती नाकं मुरडत होतो. पण कॅमेरे लागले आणि फरशी पुसणाऱ्या मावशी पावडर लावून यायला लागल्या. मी डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसायचे. कॅमेऱ्याला ऐकू येत नाही हे माहीत असूनही सासूची उणीदुणी काढताना आम्ही कुजबुजायचो.

मेट्रनबाई पक्क्या. तोफेचे गुडघे कामातून गेलेले, हाताला धरल्याशिवाय तिला खुर्चीतून उठवत नसे. बाईंनी तिलाच कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसवलं. पुढ्यात माइक आणि प्रत्येक खोलीचं एकेक बटण. कुणी पेशंट एकटा उठायला लागला की त्याच्या खोलीत बोलायचं. तोफ चार दिवस फुरंगटून बसली. मग तिला तीन नंबरचे आजोबा दिसले.

आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. लघवीसाठी हाक मारायची त्यांना लाज वाटे, म्हणून ते गुपचूप उठायचे. एकदा पडलेही होते. पुन्हा पडले तर कायमचे अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी त्यांच्या लेकीला बजावलं होतं. हे ऐकल्यापासून तोफेचा जीव टांगणीला लागला. ती जेवायचीही पडद्यासमोरच.

त्या दुपारी मी तिला चहा द्यायला गेले, तर पडद्यावर आजोबा पलंग सोडून उभे, तोल जाण्याच्या बेतात. तोफेने घाईघाईत सगळ्याच खोल्यांची बटणं दाबली.

“बसा खाली!”

आजोबा पलंगावर बसले. पाच नंबरमध्ये राउंड घेणारे मोठे डॉक्टर पेशंटच्या उशाशी बसले. मावशी भरल्या बादलीत बसल्या. आमच्या मागून आत आलेल्या मेट्रनबाई स्टुलावर टेकल्या. हसता हसता माझ्या हातातला निम्मा चहा सांडला.

मी धावत जाऊन आजोबांना बाथरूमला नेलं, परत आणून झोपवलं. येताना पाच नंबरमध्ये डोकावले, तर डॉक्टर अजून तिथेच.

“सिस्टर, आता उठू का?” कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी मला हळूच विचारलं.

विचारून सांगते म्हणून मी पडद्यांच्या खोलीत गेले. तोफेचं लक्षच नव्हतं. पडद्याला नाक लावून ती आजोबा नीट झोपले का ते बघत होती. कुणाचाही हात न धरता, ताठ उभी राहून.