मोकळा राहिलेला रकाना

१६ डिसेंबर १९४८ रोजी लक्ष्मणरावांनी बावीस रुपये बारा आणे हालीची पावती फाडली. निजामाचे राज्य जाऊन तीन महिने झाले होते, पण बाजारात नाणे अजून त्याचेच, म्हणजे हाली, चालत होते. पैसे भरणारा नामदेवराव बिदरकडचा शेतकरी होता. त्याची धाकटी बहीण तारामती, वय एकोणीस, बाकावर पदर ओढून बसली होती. तिचे दिवस भरत आले होते.

"नवऱ्याचं नाव?" लक्ष्मणरावांनी विचारले.

"लग्न व्हायचंय." नामदेवरावाने पावतीची बारीक घडी केली. "औंदा आमच्या भागात बायाबापड्यांचं काय काय झालं ते तुम्ही ऐकलंच असंल, मुन्शीजी. जास्ती लिहू नका. बाळंतपणाची सुवेर फिटली की न्यायला येतो. तिला एकटीला."

हैदराबादेतल्या सुलतान बाजारामागच्या त्या लहानशा मिशन इस्पितळात लक्ष्मणराव चौदा वर्षे मुन्शी होते. जन्माची नोंदवही त्यांच्याच हातची. आधी कागद, मग नोंद, हा त्यांचा नेम. वहीत एक खाडाखोड सापडायची नाही. त्यांची बायको नऊ वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात गेली होती, आणि मूलही. तेव्हापासून बरकतपुऱ्यातल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण कुसुमताई राहत.

नोंदवहीत बापाच्या नावाचा एक रकाना होता. तो मोकळा असला आणि आईच्या माहेरचे कुणी मुलाची जबाबदारी घेईना, तर मूल मिशनच्या अनाथालयात जायचे.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी जयवंताबाईंनी वॉर्डात शुभवर्तमान वाचले. त्या जालन्याकडच्या, बापाच्या वेळेपासून ख्रिस्ती, आणि इस्पितळातल्या सगळ्यांत जुन्या नर्स. लक्ष्मणराव दारात उभे राहून ऐकत होते. वाचन संपल्यावर म्हणाले, "जयवंताबाई, एक हिशेब लागत नाही. अब्राहामापासून योसेफापर्यंत बापलेकांची नावं ओळीनं वाचलीत. आणि शेवटी सांगता, मूल योसेफाचं नव्हेच. कुमारीच्या पोटी, पवित्र आत्म्यानं झालं. मग योसेफाची वंशावळ मांडायची कशाला?"

"कारण नाव योसेफानं ठेवलं. देवदूत स्वप्नात आला न् म्हणाला, मरीयेला घरी आणायला भिऊ नको, मुलाचं नाव तू ठेव. त्यानं ठेवलं. झाला बाप. त्याची सगळी वंशावळ त्या लेकराला लागली."

"आणि लोकांना काय सांगितलं त्यानं?"

"काहीच नाही. अख्ख्या शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. उठतो आणि सांगितलेलं करतो. तुमच्यासारखा चौकशा करत बसत नाही."

लक्ष्मणराव हसले. "पण कुमारीला मूल, हे मानता तुम्ही?"

"मानते की. पण वीस वर्षं बाळंतपणं करतेय, मुन्शीजी. मला जास्त नवल योसेफाचं वाटतं."

पलीकडच्या खाटेवर तारामती जागी होती.

२७ तारखेला तिला मुलगा झाला. चौथ्या दिवशी लक्ष्मणराव वही घेऊन खाटेपाशी गेले. बाळाचे वजन वगैरे लिहून झाल्यावर तिने मोकळ्या रकान्याकडे बोट करून पहिल्यांदाच त्यांच्यापुढे तोंड उघडले.

"इथं नाव नसलं तर नेतात का ह्याला?"

"हो."

"हे किती दिवस मोकळं ठेवता येतं?"

लक्ष्मणरावांनी वही मिटली. संध्याकाळी त्यांनी जयवंताबाईंना गाठून सांगितले, की मुलाला ते आपले नाव देतील. तारामतीची तयारी असेल तर तिच्याशी लग्न करतील. जयवंताबाईंनी तिला विचारले. ती एवढेच म्हणाली, "पोराला माझ्यापाशी निजू देतील ना?"

"तयार आहे ती," जयवंताबाई येऊन म्हणाल्या. "लिहा आत्ताच."

"बारशाच्या आधी कसं लिहायचं? बाराव्या दिवशी अक्का कानात नाव सांगेल, मग लिहितो. आत्या नको का? होऊ दे रीतीनं."

"योसेफाला बहीण नसावी बहुतेक," जयवंताबाई म्हणाल्या. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुलतान बाजारातून चौदा आण्यांची लाल कुंची आणली. लक्ष्मणरावांच्या खिशात आठ आणे होते, ते त्यांनी दिले. बाकीचे पगारावर द्यायचे ठरले. कुंची ते बारशासाठी घरी घेऊन गेले.

घरी कुसुमताईंनी ऐकून घेतले आणि भाजी चिरत राहिल्या.

"आत्या हो म्हणतोस. कुणाची, ते तरी सांग."

"माझ्या मुलाची, अक्का."

"काय की बाबा. चाळीस वर्षं दफ्तरात मान ताठ ठेवून गेले आपले अण्णा. आता तू गल्लीत मान खाली घालायला लाव मला." त्यानंतर पाच दिवस त्या भावाशी बोलल्या नाहीत. पुढ्यात ताट ठेवायच्या आणि आत जायच्या.

५ जानेवारी, दहावा दिवस. लक्ष्मणरावांनी चौदा वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि घरी येऊन बहिणीसमोर बसले. म्हणाले, "अक्का, आमचं गेलं, ते नावाशिवायच गेलं."

कुसुमताई उठून ट्रंकेकडे गेल्या. मग म्हणाल्या, "नाव होतं. मी ठरवून ठेवलं होतं. श्रीनिवास. तुला कधी सांगितलं नाही." त्यांनी ट्रंक उघडली, तळातून जुन्या लुगड्याची दुपटी काढली, झटकली. "चल. बघू तरी पोराला."

दोघे टांग्याने चार वाजता इस्पितळात पोचले. खाट रिकामी होती. चादरसुद्धा बदललेली.

नामदेवराव एक वाजता आला होता. दहाव्या दिवशी सुवेर फिटते, बोलल्याप्रमाणे तो आला आणि तारामतीला एकटीला घेऊन गेला. इस्पितळ चालवणाऱ्या मोठ्या मिसबाईंनी वही पाहिली, रकाना मोकळा दिसला. दोन वाजता मिशनची गाडी बाळाला घेऊन गेली. जयवंताबाई तेव्हा ऑपरेशनच्या खोलीत होत्या.

"भावानं टांग्यात बसवेपर्यंत तारामती वहीकडं बोट करत होती म्हणे," जयवंताबाईंनी सांगितले. त्यांनी वही उघडून लक्ष्मणरावांपुढे ठेवली. "लिहा अजून. अक्षर तुमचं, शाई तुमची. कोण विचारतंय?"

लक्ष्मणरावांनी टाक बुडवला. हात कागदावर टेकला.

"आई गेली. मूल गेलं. आता लिहिली तर खोटी नोंद होईल," ते म्हणाले आणि त्यांनी टाक पुसून ठेवला.

कुसुमताई दुपटी छातीशी धरून उभ्या होत्या.

आठवड्याने लक्ष्मणराव अनाथालयात गेले. तिथे इस्पितळाच्या वहीची नक्कल होती. "बापाचं नाव नाही. तुम्ही कोण?" असे विचारले गेले. नक्कल त्यांच्याच सुवाच्य अक्षरातली होती. मार्चमध्ये ते बिदरकडे जाऊन आले. तारामतीला दूर कुठेतरी बिजवराला दिल्याचे कळले; गाव कुणी सांगितले नाही. पुढच्या वर्षी अनाथालयातली मुले मद्रासकडे हलवली.

जयवंताबाई १९५१ मध्ये जालन्याला बदलून गेल्या आणि दोन वर्षांत तिथेच वारल्या. कुसुमताईंनी कुंची दुपट्यांत गुंडाळून ट्रंकेत ठेवली. दर २७ डिसेंबरला त्या गव्हाची खीर करीत. का, ते लक्ष्मणरावांनी कधी विचारले नाही. १९६२ साली ते निवृत्त झाले तेव्हा नव्या मुन्शीने वह्या मोजून घेतल्या, आणि १९४८च्या वहीत एका नोंदीत बापाचे नाव नाही, असा शेरा मारला. लक्ष्मणरावांनी खाली सही केली.

कुंचीपैकी जयवंताबाईंचे सहा आणे हाली द्यायचे राहिले आहेत.