बंद व्हायची शाळा आन् साहेबांचा बूट

एक खोली, एक बाई आन् चार वर्ग असले की किस्से गोळा करावे लागत न्हाईत. पत्र्यावर चिंचेचा पाला साचावा तसे आपोआप साचतेत. मी शिकलो चौथीपर्यंत, त्यातही चौथीत दोनदा बसलो. म्हणूनच डोंगरकड्याजवळच्या आमच्या वस्तीनं मला शाळा समितीचा अध्यक्ष केलं. अनुभव दांडगा ना!

सध्या वरून एकच पालुपद चालू हाय : लेकरं थोडी, शाळा बंद करा, पोरं ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत धाडा. त्यांना काय माहीत, थोडी म्हणजे काय असतं ते!

*

एकदा बाळू शाळेत आला न्हाई. मोठ्या शाळेत एक पोरगं कमी झालं तर वहीत फुली पडते. आमच्याकडं एक कमी झालं की खोली ओस दिसते! बाई अख्खी शाळा घेऊन बाळूच्या दारात.

माय म्हणाली, "सकाळपासून पत्ता न्हाई बाई, कुठं उलथलं की!"

"हरकत न्हाई," बाई म्हणाल्या, "आज हजेरी हितंच घेऊ."

लेकरं अंगणात मांडी घालून बसली. बाईंनी एकेक नाव पुकारलं. "बाळू!"

ज्वारीच्या कणगीतून आवाज आला, "हजर!"

*

मग एक तपासणीवाले सर आले. चौथीला तेराचा पाढा विचारला. चौथी आढ्याकडं बघून राहिली. पहिलीतल्या सुजातानं धडाधड म्हणून टाकला!

सर डाफरले, "तू पहिलीत ना? तुला कुणी विचारलं?"

"व्हय सर, मी पहिलीतच हाव. पण कान चौथीपर्यंत जातेत!"

*

गावसभेत आमचा प्रकाश उठला. नांदेडला नोकरीला हाय, शर्टाची इस्त्री मोडत न्हाई. म्हणाला, "काका, असल्या शाळेतून काय माणसं घडतेत? बंदच करा."

मी विचारलं, "बाबा, तू कुठं शिकला?"

"हितंच."

"मंडळी, पोराचं म्हणणं बराबर हाय. बंदच करा!"

सभा अशी हसली की प्रकाश चहा न पिताच गेला. खरं सांगतो, पोरगं हुशार, नोकरीला लागलं ते ह्याच खोलीतल्या अक्षरांच्या जोरावर. पण ते सांगितलं असतं तर मजा गेली असती.

*

शेवटी शाळेचा निकाल लावायला मोठे साहेब आले. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "मोठी शाळा ही काय, इथंच तर आहे! दहा मिनिटांची वाट."

"बराबर साहेब," मी म्हणालो, "चला, पायीच बघू. फक्त आमच्यात एक रिवाज हाय. पहिलीचं लेकरू कुणाचा तरी हात धरूनच वाट चालतं."

सुजातानं साहेबांचा हात धरला. आदल्या दिवशी पाऊस पडलेला, काळं रान फुगलेलं. शंभर पावलांत साहेबांच्या बुटाला परातीएवढा चिखल! मी मागं, धोतर खोचून, हसू दाबून चालून राहिलो. ओढ्यात साहेबांचा एक बूट राहिला. पलीकडं जाऊन ते दगडावर टेकले. मोठी शाळा अजून दिसतबी नव्हती.

सुजातानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग कानाशी वाकून हळूच म्हणाली,

"साहेब, तुमी जावा घरी. तुमचं पोट दुखून राहिलंय, असं मी बाईला सांगते."