घरच्या माणसाचा खर्च

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर कुणाचं व्यक्तिचित्र लिहायला बसणं आगाऊपणाच आहे; वाचकांनी पदरात घ्यावं. रायपूरच्या पुरानी बस्तीत ज्यांच्या घरी मी भाड्याने राहिलो, ते मूळचे नागपूरकडचे काका तुलना केल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. माठ स्वस्त की फ्रिज, हे आधी ठरे. लग्नाच्या पंगतीतून उठतानाही दिलेल्या पाकिटाच्या मानाने जिलेबी किती कमी पडली, ते सांगत.

काका नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात मोठे बाबू होते. तिथे रस्ते रुंद होते, माणसं कमी, अन् अहवाल भरपूर. एकदा काकांकडे विषय आला: गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णाला रुग्णालयात ठेवणं स्वस्त, की घरी ठेवून उपचार देणं? काका खूश झाले. उदाहरण घरातच होतं, त्यांचा धाकटा भाऊ बंडू. त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत. काकूंनी समोर बसून गोळी दिली, चार शब्द बोलल्या, की तो बरा असे.

रुग्णालयाच्या खर्चात काकांनी खाट, नर्स, अगदी धोबीसुद्धा धरला. घरच्या खर्चात फक्त गोळ्या.

"अन् मले काहून नाही धरलं?" काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"तू त घरचीच ना वं!"

"हव! नर्स बाहेरची म्हणून तिले पगार, मी घरची म्हणून फुकट!"

"पाह्य पोट्ट्या," काका मला म्हणाले, "हिले अर्थशास्त्र समजत नाही."

मी अर्थशास्त्राचाच विद्यार्थी. मला काकूंचं पटलं होतं. पण भाडेकरूला मत नसतं.

अहवाल मंजूर झाला. घर स्वस्त ठरलं म्हणून रुग्णालयातल्या खाटा कमी झाल्या, आणि घर स्वस्तच आहे म्हणून घरांसाठी काहीच मंजूर झालं नाही. काकांचा सत्कार मात्र झाला.

मग काकू मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या. बंडू काकांच्या हातून गोळी घेईना. काकांनी स्वयंपाकीण लावली, बंडूजवळ बसायला माणूस ठेवला. तो माणूस पळाला, तेव्हा स्वतः बिनपगारी रजा घेतली. पुन्हा हिशेब मांडला, तर घर रुग्णालयापेक्षा महाग निघालं.

"भैया, आप ही का हिसाब है," कार्यालयातले मित्र घरी येऊन म्हणाले. "भर्ती करा दो."

काकांनी हिशेबाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. परीक्षा संपवून मी गावी निघालो, तेव्हा बंडूची पिशवी भरलेली होती आणि तो ओसरीवर चपला घालून बसला होता. मला विचारायचा धीर झाला नाही.

परवा नागपूरहून काकूंचा फोन आला.

"बंडूले भरती नाही केलं, तुह्या काकानं नोकरीच सोडली रे. पेन्शन कमी भेटन म्हणे, भेटू दे. बंडू आता त्याईच्याच हातानं गोळी घेते. मी राहून राहिली इथंच अजून महिनाभर."